धम्मगिरी इगतपुरी, 10 दिवसांचं विपश्यना शिबिर: सविस्तर रिव्ह्यू, मुख्यतः ‘मी’पणाबद्दल

धम्मगिरी या विपश्यना ध्यान केंद्राचे रिव्ह्यू वाचले की बहुतेक ठिकाणी तेच तेच लिहिलेलं असतं, परिसर छान, जेवण सात्त्विक, मन शांत झालं, पाच स्टार. ते सगळं खरं आहे, परिसर खरंच छान आहे. पण मला कोणी विचारलं की तिथे नक्की होतं काय, तर मी सांगेन की आपण दिवसभर जो ‘मी’ मिरवत असतो किंवा सारखा दुखावून घेत असतो त्याला तिथे दहा दिवस उभं राहायला जागाच मिळत नाही. आणि हे कोणी उपदेश करून होत नाही, तिथली सगळी व्यवस्थाच तशी लावलेली आहे, पैशांपासून ते जेवणाच्या ताटापर्यंत. याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे एवढं मोठं लिहितेय.

थोडं माझ्याबद्दल सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी पन्नाशी ओलांडलेली, डोंबिवलीत घरीच दहावी-बारावीच्या गणिताचे क्लास घेते, घरात सासूबाई, मिस्टर, मुलगा. अहंकारी माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोणीतरी मोठा साहेब येतो, गाडी, केबिन, चढलेला आवाज. माझ्यासारख्या बाईला कोणी अहंकारी म्हणणार नाही. पण ‘माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही’ आणि ‘मी एवढं करते पण कोणाला त्याची किंमत नाही’ हे काय असतं मग? तोही ‘मी’च की. उलट हा जास्त चिवट असतो कारण तो कष्टाच्या, त्यागाच्या मागे लपलेला असतो, त्याला कोणी नाव ठेवत नाही, आपण स्वतः तर नाहीच नाही. मला शिबिरात सगळ्यात जास्त कशाने हलवलं असेल तर या गोष्टीने.

आता पैशांचं. शिबिराची फी नाही, राहणं, जेवण, शिकवणं कशाचेच पैसे नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं ठीक आहे, शेवटी देणगी देऊ. पण तुम्ही एक शिबिर पूर्ण करेपर्यंत ते तुमच्याकडून दानसुद्धा घेत नाहीत! म्हणजे दहा दिवस तुम्ही जे खाता, ज्या गादीवर झोपता ते आधी शिबिर करून गेलेल्या कोणीतरी अनोळखी माणसाने तुमच्यासाठी देऊन ठेवलेलं असतं. शिकवणाऱ्या सहायक आचार्यांना मानधन नाही, सेवा देणाऱ्यांना पगार नाही. ही साधना शिकवणारे गोएंका गुरुजी प्रवचनात याचं कारण सांगतात, की दहा दिवस भिक्षूसारखं दुसऱ्याच्या दानावर जगायचं म्हणजे अहंकार विरघळायला मदत होते, कारण पैसे भरले की माणूस लगेच मागण्या करायला लागतो. मला हे ऐकताना अगदी पटलं. आपण हॉटेलात, हॉस्पिटलात, मुलांच्या शाळेत, सगळीकडे आधी पैसे भरतो आणि मग आपला एक हक्काचा ताठा असतो, भाजी आवडली नाही तर तोंडावर सांगतो. इथे तुम्ही ग्राहकच नाही. ताटात जे आहे ते कोणीतरी दिलंय, त्यामुळे मनात तक्रार आली तरी ती तिथल्या तिथे विझते. मी या ठिकाणाला स्टार देत नाहीये ते याचसाठी, ज्याचे पैसे मी भरलेच नाहीत त्याला मार्क द्यायचा अधिकार मला वाटतच नाही.

गुरुजींचा स्वतःचा इतिहासही याच अंगाने बघण्यासारखा आहे. सत्यनारायण गोएंका, जन्म 1924 चा, मंडाले, ब्रह्मदेश. मारवाडी व्यापारी घराणं, तरुण वयात मोठे उद्योगपती, संस्थांची अध्यक्षपदं वगैरे सगळं. त्यांना भयंकर मायग्रेन होतं, मॉर्फिन घ्यावं लागायचं. 1955 मध्ये ते विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, हे ऊ बा खिन साधू-संन्यासी नव्हते बरं का, ब्रह्मदेश सरकारचे अकाउंटंट जनरल होते, संसारी गृहस्थ. त्यांनी आधी साफ सांगितलं की डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, ही विद्या त्यासाठी नाही. पुढे 1960 च्या दशकात तिथल्या लष्करी सरकारने गोएंकांचे कारखाने ताब्यात घेतले, आणि 1969 मध्ये ते भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईतच झालं. इगतपुरीचं केंद्र 1976 मध्ये सुरू झालं. 2013 मध्ये गुरुजी गेले, आता सगळ्या सूचना आणि प्रवचनं रेकॉर्डिंगवर असतात, समोर बसलेले आचार्य फार बोलत नाहीत. काहींना हे खटकतं, मला उलट बरं वाटलं, कारण समोर गुरू नाही म्हटल्यावर त्यांच्या नजरेत भरायची धडपडही नाही, की मी कशी छान बसलेय ते त्यांनी बघावं. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

दिवस पहाटे 4 ला घंटेने सुरू होतो, साडेचारला ध्यान, साडेसहाला नाश्ता, 11 ला जेवण, संध्याकाळी 5 ला नवीन लोकांना चहा किंवा दूध, कुरमुरे आणि फळ, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. रात्रीचं जेवण नाही. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, दुपारी 12 नंतर फक्त लिंबूपाणी. मोबाईल, पुस्तक, वही-पेन सगळं जमा. दहाव्या दिवसापर्यंत मौन, आणि नुसतं तोंडाचं नाही, खुणा नाहीत, डोळ्यांनी बोलणं नाही. पुरुष आणि बायकांची सगळी व्यवस्था वेगळी, नवरा-बायको एकत्र गेलात तरी एकमेकांशी बोलायचं नाही.

मौनाचं सगळे कौतुक करतात पण मला त्यातली एक वेगळीच गोष्ट सांगायचीय. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत आडनाव, गाव, मिस्टर कुठे असतात, मुलगा काय करतो हे सगळं विचारून होतं, आणि आडनाव कळलं की आपल्या डोक्यात त्या माणसाची जागा ठरून जाते, कोण वरचं, कोण खालचं, कोणाशी किती बोलायचं, आपण कितीही नाही म्हटलं तरी ठरते. इथे हॉलमध्ये तुमची ओळख म्हणजे आसनाचा नंबर. माझ्या शेजारी बसणारी बाई कलेक्टर आहे, भाजी विकणारी आहे की कोणा मंत्र्याची सून, मला काहीच माहीत नव्हतं, तिला माझं माहीत नव्हतं, आणि दोघी एकाच रांगेत आपापलं ताट घासत होतो. आंबेडकरी बौद्ध समाजातले खूप लोक येतात, मारवाडी-गुजराती येतात, कोकणस्थ-देशस्थ येतात, परदेशी येतात, आणि नऊ दिवस कोणालाच कळत नाही कोण कोण आहे. महाराष्ट्रात अशी किती ठिकाणं आहेत सांगा. मला एक वारीच आठवते. माझ्या माहेरी वारी आहे, तिथे सगळेच माऊली आणि सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, पण तिथे बोलणं, गाणं, नाचणं आहे, माणूस सगळ्यांत मिसळून स्वतःला विसरतो. इथे एकट्याने बसून स्वतःकडे बघत बघत तेच करायचंय, आणि माझ्यासारख्या बोलघेवड्या बाईला हे फारच जड जातं, पहिले दोन-तीन दिवस तर डोक्यात नुसता गोंधळ, कुकर लावला असेल का, सासूबाईंच्या गोळ्या कोणी दिल्या असतील, बारावीच्या पोरांचं इंटिग्रेशन अर्धं राहिलंय. आणि मग हळूहळू लक्षात येतं की ही काळजी म्हणून जे चाललंय त्यात बरंचसं असं आहे की माझ्याशिवाय तिकडे काहीतरी अडलेलं असावं अशी इच्छाच आहे. घर नीट चाललं असेल हा विचार मला सुखाचा वाटायला हवा होता, तर तो टोचत होता. हे इतकं स्पष्ट मी आधी कधीच बघितलं नव्हतं, बघायला वेळच नव्हता.

आता पद्धतीबद्दल. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास आणि नाकाभोवतीची जागा, शेवटी शेवटी नाकाच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढ्याच जागेवर लक्ष, त्याला आनापान म्हणतात. मंत्र नाही, मूर्ती नाही, कल्पना नाही. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर जे काही जाणवतंय ते क्रमाने बघत जायचं, आणि आवडलं तरी धरायचं नाही, नावडलं तरी ढकलायचं नाही. त्यानंतर दिवसातून तीन वेळा एक-एक तास अधिष्ठान, त्यात हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

खरं काम इथे आहे असं मला वाटतं. गुडघा दुखायला लागतो आणि सुरुवातीला फक्त दुखणं नसतंच, ‘माझा गुडघा’ दुखतो, त्याला जोडून लगेच सगळी वरात येते, माझंच वय झालंय, मलाच का, ती बघ कशी आरामात बसलीय, मी काय सिद्ध करायला आलेय इथे. मग कधीतरी, मला पाचव्या-सहाव्या दिवशी, त्या दुखण्याकडे नुसतं बघता आलं आणि ते सुटं झालं. म्हणजे गरम लागतंय, ताण आहे, ठणका आहे, सरकतंय, कमी झालं, परत आलं. दुखत होतंच पण त्याच्यातला ‘माझं’ तेवढ्यापुरता गळला होता आणि तो गळल्याबरोबर त्रास अर्ध्याहून कमी झाला. गुरुजींच्या आवाजात सारखं ‘अनिच्च’ ऐकू येतं, सगळं बदलणारं आहे, ते तोपर्यंत मला नुसतं तत्त्वज्ञान वाटत होतं, आपल्याकडे नाहीतरी कीर्तनात लहानपणापासून ऐकतोच की सगळं नश्वर आहे म्हणून. ऐकणं वेगळं आणि आपल्या गुडघ्यात ते होताना बघणं वेगळं. आणि जर ही संवेदना सारखी बदलतेय, तिच्यावरचा राग बदलतोय, तो राग बघणारं मनसुद्धा बदलतंय, तर यातला कायमचा ‘मी’ कुठला? हे कोणी तिथे पटवून देत नाही, तो प्रश्न आपोआप तुमच्या पुढ्यात येऊन बसतो.

पण इथे एक फार महत्त्वाची गोष्ट सांगते, खास करून जे जागृती, प्रकाश, दिव्य अनुभव वगैरे शोधत जातात त्यांच्यासाठी. काही जणांना पुढे पुढे सगळ्या अंगात बारीक झिणझिण्या, एक सुखद लहर जाणवते, त्याला तिथे धाराप्रवाह म्हणतात. मला थोडा वेळ आला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आणि गेला म्हटल्यावर माझी जी तगमग झाली ना, काल होता आज का नाही, मागचीला अजून असेल, ती त्या गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा वाईट होती. प्रवचनात याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला असतो की अशा सुखद अनुभवाला मार्क द्यायचे नाहीत, तुमची प्रगती मोजायची असेल तर एकच माप आहे, समता किती राहिली, म्हणजे सुखद असो की दुखरं, मन किती स्थिर राहिलं. तरीही दहाव्या दिवशी मौन सुटलं की पहिला प्रश्न तोच कानावर येतो, ‘तुम्हाला धाराप्रवाह मिळाला का?’ नऊ दिवस जो ‘मी’ गप्प बसला होता तो तासाभरात साधक होऊन परत आलेला असतो. हे मी कोणाला हिणवायला लिहीत नाही, सगळ्यांचंच होतं, आणि शिबिराची रचना करणाऱ्यांनी ते ओळखलेलंच आहे, म्हणून तर घरी जायच्या आदल्या दिवशीच बोलायला परवानगी देतात, जखमेवर मलम लावावं तशी त्या दिवशी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मग सोडतात. दहा दिवसांत अहंकार संपतो असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, गुरुजी स्वतः तसं म्हणत नाहीत. घरी रोज सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसायला सांगतात, ते नाही केलं तर काही आठवड्यांत सगळं जिथल्या तिथे.

मला स्वतःला यापेक्षा जास्त शिकायला मिळालं ते नंतर सेवेला गेले तेव्हा, दुसऱ्या एका लहान केंद्रात. एक शिबिर पूर्ण केलं की धम्मसेविका म्हणून जाता येतं, स्वयंपाकघर, भाजी चिरणं, वाढप, घंटा देणं, आणि दिवसातून तीनदा सगळ्यांबरोबर ध्यान. मी म्हटलं हे तर आपल्याला येतंच, आयुष्यभर तेच केलंय. आता विचार करा, शंभरएक बायका जेवताहेत, सगळ्यांचं मौन, माना खाली, तुम्ही सकाळपासून राबून केलेली आमटी त्या निमूट खाताहेत आणि कोणी वर बघत नाही, छान झालीय म्हणत नाही, थँक्यू नाही, काही नाही. तुमचं नावसुद्धा त्यांना माहीत नाही. पहिल्या दिवशी मला आतून इतकं रिकामं रिकामं वाटलं. घरी मी म्हणायचे की मला कोणाच्या कौतुकाची अपेक्षा नाही, आणि इथे तर ती अपेक्षा हात पसरून उभी होती! चार-पाच दिवस ती तशीच उभी राहिली आणि तिला काही मिळालं नाही, मग एका दुपारी पोळ्यांचं भांडं भरून ठेवताना जाणवलं की आज आपण वाट बघत नाही आहोत. एवढंच. काही वीज वगैरे चमकली नाही. पण त्या दुपारी जो हलकेपणा होता तो धाराप्रवाहापेक्षा मला जास्त खरा वाटतो, आणि घरी आल्यावरही तो कधी कधी सापडतो, डबे भरताना वगैरे. नेहमी नाही. सासूबाईंनी भाजीला नाव ठेवलं की अजून चिडचिड होते, फक्त आता ती छातीत गरम होऊन येताना आधी दिसते, आणि दिसली की निम्म्या वेळा शब्द तोंडातून बाहेर पडत नाहीत. माझ्या मिस्टरांनी हे माझ्याआधी नोटीस केलं.

काही अडचणी आहेत त्या लपवत नाही. एक म्हणजे दहा दिवस दुसरी कोणतीही साधना बंद ठेवायला सांगतात, नामजप, माळ, पोथी, उपास, सगळं. माझी आई रोज हरिपाठ म्हणते, मीही लहानपणापासून म्हणत आले, मला ते फार जड गेलं. ते याला विरोध म्हणून सांगत नाहीत, या पद्धतीला एकदा निखळ करून बघा एवढंच म्हणणं आहे, पण ज्यांना दहा दिवस नाम सोडणं शक्य नाही त्यांनी आधीच विचार करावा, तिथे जाऊन मनात दोन्ही चालू ठेवलं तर कशातच लक्ष लागत नाही. दुसरं, दुपारी आचार्यांना भेटता येतं पण वेळ थोडा असतो आणि फक्त साधनेबद्दलचेच प्रश्न, आत्मा आहे की नाही, पुनर्जन्म कसा, असल्या चर्चेला तिथे वाव नाही. मला वाटतं योग्यच आहे, चर्चेत जिंकायची आपली सवय फार जुनी आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. डिप्रेशन, पॅनिक, कुठलाही गंभीर मानसिक आजार असेल किंवा त्याची औषधं चालू असतील तर फॉर्ममध्ये खरं लिहा आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. रोज दहा-दहा तास आत बघणं हे साधं काम नाही, दाबलेलं खूप काही वर येतं. आणि अजून एक मी माझ्या अनुभवाने सांगते, जी मुलगी आयुष्यभर दबून राहिलीय, जिला घरात ‘मी’ म्हणायचीच कधी मुभा मिळाली नाही, तिला ‘अहंकार सोड’ म्हणून कोणी तिथे पाठवत असेल तर ते चुकीचं आहे. तिने जावं तर स्वतःच्या इच्छेने. सून ऐकत नाही म्हणून, मुलगा उद्धट झालाय म्हणून सुधारायला पाठवायची ही जागा नाही. 1994 मध्ये तिहार जेलमध्ये हजारावर कैद्यांचं एकत्र शिबिर झालं होतं, किरण बेदी तेव्हा तिथे महानिरीक्षक होत्या, आणि टाइमटेबल हेच, पण तिथेही बसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

बाकी माहिती पटापट. बुकिंग ऑनलाइन फॉर्म भरून, बायकांच्या जागा सुट्ट्यांमध्ये लवकर भरतात. पोचायचं आदल्या दिवशी दुपारी आणि सुटतं अकराव्या दिवशी सकाळी, म्हणजे रजा 12 दिवसांची टाका. राज्य सरकारी नोकरीत असाल तर यासाठी खास रजेची तरतूद आहे, ऑफिसात विचारून घ्या. आमच्याकडून जायला कसाऱ्याची लोकल आणि पुढे घाट चढून शेअर जीप, नाहीतर इगतपुरीला थांबणारी कुठलीही एक्सप्रेस, स्टेशनवरून रिक्षा मिळते. पावसाळ्यात इगतपुरीचा पाऊस म्हणजे विचारू नका, कपडे वाळत नाहीत, जास्तीचे जोड, छत्री, टॉर्च, एक शाल न्याच. सैल कपडे, ओढणी हवीच. गुडघे खरंच खराब असतील तर फॉर्ममध्ये लिहा, खुर्ची मिळते आणि खुर्चीवर बसून साधना कमी होत नाही. इगतपुरीला जागा नसेल तर आळंदीजवळ मरकळला, कोल्हापूरकडे, नागपूरला, मुंबईत गोराईला पॅगोडाशेजारी केंद्रं आहेत, शिकवणं सगळीकडे सारखंच. लहान मुलांसाठी एक दिवसाची आनापान शिबिरं असतात, माझ्या क्लासमधल्या दोन पालकांनी मुलांना पाठवलं होतं, दहावीच्या पोरांना परीक्षेच्या आधी नको, मे महिन्यात पाठवा.